नुसतं विचारायला

दार ढकललं तर उघडं होतं, पण दुकानात काहीच उरलं नव्हतं. रसेल कोस्की उंबऱ्यातच थबकला. भिंतींवर फळ्या होत्या तिथे आता नुसते फिकट पट्टे दिसत होते. घरी बिअर करणाऱ्यांना लागणारं सामान, माल्टची पोती, कडवटपणासाठीच्या हॉप्सची पाकिटं, नळ्या, बुचं, सगळं गेलं होतं. भाजलेल्या धान्याचा वास तेवढा कोंदून राहिला होता. आणि काउंटरमागे, अंगात जाड कोट घालून, म्हातारा आर्वो निएमी खुर्चीवर बसला होता.

"हीटर बंद केलाय," आर्वो म्हणाला. "दार लाव नि आत ये."

"हे कधी झालं?"

"फळ्या शनिवारी गेल्या. माल त्याच्या आधी."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

"जागा महिनाअखेरपर्यंत माझी आहे. घ्यायला कुणी येत नाही, पण विचारायला येतात अजून. तूही त्यासाठीच आलायस ना?"

रसेल ओशाळला. कोटाच्या आतून त्यानं टॉवेलात गुंडाळलेली बरणी काढली. तीन आठवड्यांवर त्याच्या मुलीचं, आयनाचं, लग्न होतं. लग्नात बापाच्या हातची बिअर हवी, एवढा एकच हट्ट तिनं धरला होता. त्यासाठी लावलेली दहा गॅलन बिअर तळघरात आंबत होती आणि परवापासून ती आंबायची थांबली होती. बुडबुडा नाही की फेस नाही. ज्या वेबसाइटवरून त्यानं सगळं सामान मागवलं होतं, तिथून उत्तर आलं होतं: आपल्या प्रश्नाची नोंद घेतली आहे.

आर्वोनं झाकण काढून वास घेतला, एक घोट तोंडात घोळवला आणि डोळे मिटले. इतका वेळ, की याला झोप लागली की काय, असं रसेलला वाटलं.

"गोड आहे अजून. निम्म्यात थांबलीये. तळघर गार पडलं होतं?"

"खिडकीची काच फुटलीये. मला कळलंच नाही."

"मग यीस्ट गारठून बसलंय. बिअर गेलेली नाही, घाबरू नको. बुधले वर घरात आण आणि जिवंत यीस्ट घाल. पाकिटातलं नको, चांगलं फेसाळलेलं हवं."

"ते आता कुठून आणू?"

आर्वो गुडघ्यांवर हात टेकून उठला. मागच्या खोलीत, जुन्या घोंगडीत गुंडाळलेला एकच काचेचा बुधला उभा होता. आत तपकिरी फेस गळ्यापर्यंत चढला होता. सगळ्या दुकानात तेवढं एकच काय ते जिवंत होतं. आर्वोनं शेगडीवर पाणी उकळलं, त्यातून पळी बुडवून काढली आणि एका स्वच्छ बरणीत फेसासकट बिअर भरायला लागला.

"त्या पातेल्याचं झाकण बसतं का रे नीट?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"कुठल्या पातेल्याचं?"

"पंधरा गॅलनच्या. त्या कंपनीचं झाकण एका बाजूनं ठोकून घ्यावं लागतं. तेव्हाच सांगणार होतो, पण तू किमतीच्या चिठ्ठीचा फोटो काढण्यात गुंग होतास."

रसेलचे कान तापले. दोन वर्षांपूर्वी त्यानं आर्वोचा तासभर खाल्ला होता. कुठलं पातेलं घेऊ, का घेऊ, सगळं खोदून खोदून विचारलं होतं. मग बाहेर, याच खिडकीसमोर गाडीत बसून तेच पातेलं फोनवरून स्वस्तात मागवलं होतं. त्यानंतर त्यानं इथे पाऊल टाकलं नव्हतं. आणि झाकण खरंच बसत नव्हतं. दोन वर्षं तो त्यावर वीट ठेवत होता.

"आर्वो, मी तेव्हा..."

"बरणी आडवी करू नको. झाकण सैल ठेव, नाहीतर गाडीत फुटेल."

"किती द्यायचे?"

आर्वोनं जरा विचार केल्यासारखं केलं. "तिकडे काय भाव चाललाय बघ. मी त्याहून कमीत देतो."

आणि तो हसला. त्या मोकळ्या भिंतींवर त्याचं हसणं आपटून परत आलं. रसेलला काही हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुधल्यांत बुडबुडे आले, बिअर पुन्हा बोलू लागली. लग्नात ती पुरलीदेखील नाही. व्याह्यानं पाठीत धपाटा घालून कौतुक केलं. "यीस्ट आर्वोचं आहे," असं रसेल प्रत्येकाला सांगत होता, आणि दर तिसरा माणूस म्हणत होता, "अरे, आहे का तो अजून? मीही पूर्वी त्याच्याकडूनच घ्यायचो."

सोमवारी काढून ठेवलेल्या दोन बाटल्या घेऊन तो दुकानाशी गेला. दाराला कुलूप होतं. वरची पाटीही काढली होती. शेजारचा न्हावी पायरीवरचा बर्फ ओढत होता.

"गुरुवारी गेला. भाचीकडे, तिकडे लांब उन्हात, टक्सनला."

"पत्ता आहे?"

"नाही बुवा. मी विचारलाच नाही."

न्हावी आत गेला. रसेल काचेला कपाळ लावून उभा राहिला. आत अंधार होता, आणि वास बाहेरपर्यंत येत होता, की त्याला नुसता तसा भास होत होता, ते सांगता येईना.

मागे गाडी थांबली. एक बाई काच खाली करून म्हणाली, "आहेत का हो आत? घ्यायचं काही नाही. नुसतं विचारायचं होतं."

रसेल वळला. "काय विचारायचं होतं?"

ती खाली उतरली. मधाची दारू लावलीये, सहा महिने झाले, अजून गढूळच आहे, म्हणाली. मध कुठला, पाणी कुठलं, दोनदा गाळून पाहिली तेही, सगळं तिनं नीट, क्रमानं सांगितलं. बर्फ भुरभुरत होता. रसेलनं मध्ये एकदाही तिला तोडलं नाही.

मग तिचं सांगून झालं, आणि ती उत्तरासाठी त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.