पाच नंबरची चावी

"पाणी नासलंय तुझं, दूजा! सहा जणींच्या कानात बुरशी झालीय. सहा!"

"मोठ्यानं बोल गं," दूजा म्हणाली. "भांडायचंय तर नीट भांड."

वसीला मोठ्यानंच बोलत होती. पण तीस वर्षं हमामाच्या वाफेत काढली की कान जरा जड होणारच, असं दूजाचं म्हणणं होतं. स्फाक्स शहराच्या जुन्या भागातला हा बायकांचा हमाम, म्हणजे वाफेचं न्हाणीघर, आईनं तिच्या हाती दिला होता. आज तो राहतो की जातो, एवढाच प्रश्न होता. नगरपालिकेची डॉक्टर रीम समोर बसली होती. मांडीवर पाण्याच्या तपासणीचा बंद लिफाफा, शेजारी दाराला ठोकायचं सील. मागं बाकावर कानात कापूस कोंबलेल्या पाच बायका. सहावी वसीला. गुरुवारी तिच्या मुलीची लग्नाआधीची आंघोळ इथंच ठरली होती, चाळीस पाहुण्या आणि वाजंत्री धरून.

"माझी पोरगी बहिरी करून सासरी पाठवू का?"

"तिची सासू बघितलीय मी. बहिरी गेली तर सुखात राहील."

बाकावरच्या दोघी फिस्सकन हसल्या. वसीलानं मान वळवली तशा गप्प झाल्या.

दूजा आतून पेटली होती. रोज पहाटे गुडघ्यांवर बसून ती फरशी घासायची. बादल्या उकळत्या पाण्यातून काढायची, अंग घासायचे हातमोजे उन्हात घालायची. आणि ज्यांच्या पाठीचा मळ तिनं त्यांच्या लग्नाआधीपासून काढला, त्याच बाया आता तिच्या दाराला सील लागताना बघायला जागा धरून बसल्या होत्या.

रीमनं लिफाफा फोडला. वाचला. "पाणी स्वच्छ आहे."

"काय?"

"स्वच्छ!" रीम ओरडली.

"ऐकलंत?" दूजा बाकाकडे वळली. "काढा तो कापूस आणि परत ऐका!"

"मग आमच्या कानांचं काय?" वसीला मागं हटेना.

"कान ओला राहिला की बुरशी वाढते," रीम म्हणाली. "त्यात आतली कातडी खरवडलेली असली की तिला आयतं घर मिळतं. खरं सांगा, कानात काय काय घालता?"

बाकावर चुळबूळ झाली. एकीनं लसूण घालून कढवलेलं ऑलिव्हचं तेल कबूल केलं. दुसरी म्हणाली, "थेंब घालते. नवऱ्यासाठी आणलेले, दोन वर्षांपूर्वी."

"त्याला गुण आला का?"

"आला ना! सगळं ऐकू यायला लागलं त्याला. म्हणून तर बाटली मी लपवली."

"तेल बंद, जुने थेंबही बंद," रीम म्हणाली. "पण मघाशी तपासलं तेव्हा तुम्हा सहाही जणींच्या कानात ओरखडे दिसले, आणि सगळे एकसारखे. इथं आल्यावर कपडे कुठं ठेवता?"

"पाच नंबरच्या कपाटात," सहाही जणी एकदम म्हणाल्या.

हे मात्र दूजाला नीट ऐकू आलं. तिची मान ताठ झाली. "वीस कपाटं आहेत, पण पाच म्हणजे हाताची पाच बोटं. दृष्ट लागत नाही. त्या कपाटासाठी झिंज्या उपटल्यात बायकांनी एकमेकींच्या. मी ते फक्त घरच्यासारख्या माणसांना देते. ह्यांना घरचं समजले, चुकलंच माझं!"

"आणि त्याची चावी?"

"जिची पाळी असेल तिच्या मनगटाला. आंघोळ उरकून इथं चहा पिईपर्यंत."

वसीलाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "कानात पाणी गेलेलं असतं. बसल्या बसल्या खाज सुटते. चावी लांब दांड्याची आहे, पितळेची… फिरवली की बरं वाटतं."

बाकावरच्या पाचही जणी फरशीकडे बघायला लागल्या.

रीमनं कागदावर 'हमाम चालू ठेवावा' असं लिहिलं, खाली सही केली आणि सील पिशवीत टाकलं. दूजानं तो कागद हिसकावूनच घेतला आणि वसीलाच्या नाकासमोर नाचवला. "सांग गल्लीभर! माझ्या हमामात घाण नाही. घाण आहे ती तुमच्या खोडीत! देवानं कान ऐकायला दिले, आणि ह्या बाया त्यात कुलूप शोधतायत!"

"लेल्ला दूजा," रीम हात पुढं करून आदरानं म्हणाली, "ती चावी तेवढी माझ्याकडे द्या."

"काय म्हणतेस? मोठ्यानं बोल, बाई," दूजा म्हणाली, आणि नीट ऐकू यावं म्हणून तिनं उजव्या कानातली पाच नंबरची चावी आणखी एक फेरा फिरवली.