टोकायचं राहिलं

मुलगा समोर उभा होता आणि म्हाताऱ्या कोशकारांची मान काही केल्या त्याच्याकडे वळत नव्हती.

दुपारची गोळी त्यांनी मुद्दाम उशिरा घेतली होती. तो येईल तेव्हा अंग जरा मोकळं असावं, एवढंच मनात होतं. पण तो उगवला दिवेलागणीला. तोवर गोळीचा अंमल उतरला होता. पाठ, खांदे, बोटं, जीभ, सगळं जागच्या जागी आवळलं गेलं होतं. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलायला तयार नव्हती. आजाराचं मुलाला काही कळवायचं नाही, असं त्यांनीच मुलीला बजावलं होतं. कीव येऊन आलेला मुलगा त्यांना नको होता. सगळं गेलं तरी ताठा तेवढा शाबूत. दोघांना निवांत बोलता यावं म्हणून मुलगी बिचारी दुधाचं निमित्त काढून बाहेर गेली होती.

उभा जन्म शब्दकोशाच्या कचेरीत गेलेला माणूस. घरातही एक शब्द इकडचा तिकडे झालेला खपत नसे. शर्टाच्या कॉलरला पोराने कठोर म्हटलं, की हातातला घास तसाच धरून टोकायचे. कॉलर कडक असते. शिळा पाव वातड, मान ताठ, स्वभाव ताठर. शब्द चुकला की बाबा टोकणार. गप्प राहिले, म्हणजे शब्द बरोबर. हा घरचा कायदाच होता. पोरगं महा इरसाल. बाबा वाचनात बुडालेले दिसले, की मुद्दाम चुकीचा शब्द फेकायचं. बाबा हटकून मान वर करायचे. त्याला तेवढंच हवं असायचं.

पुढे तो शिक्षण अर्धवट टाकून घराबाहेर पडला, तेव्हा मात्र बाबांनी मान वर केली नाही. त्यालाही वर्षं लोटली.

"थकलात," मुलगा म्हणाला. खुर्ची ओढून बसला. बायकोचं सांगितलं, नातीच्या शाळेचं सांगितलं, माझंही चुकलंच म्हणाला. मग त्याने हात पुढे केला. कोशकारांनी सगळा जीव उजव्या हातात गोळा केला. हात मांडीवरून हलला नाही.

मुलाने आपला हात मागे घेतला.

"आई म्हणायची, बाबा कडक आहेत. कडक नाही, बाबा. तुम्ही निष्ठुर आहात."

आणि तो थांबला. भुवया किंचित वर, लहानपणी थांबायचा तसाच. कोशकारांना खूण पटली. शब्द चुकीचा होता आणि तो त्याने जाणूनबुजून फेकला होता. नुसतं टोकायचं होतं. 'नाही' एवढंच म्हटलं तरी भागलं असतं. ते घशापर्यंत आलं आणि तिथेच रुतून बसलं.

मुलाने बराच वेळ वाट पाहिली.

"म्हणजे बरोबर आहे," असं म्हणून तो जिना उतरून गेला.

मुलगी परतली तेव्हा खुर्ची रिकामी होती. दुधाची पिशवी तिच्या हातातच राहिली.

"दादा गेला? परत येतो म्हणाला का?"

नेमकी तेव्हा जीभ सुटली.

"नाही," कोशकार म्हणाले.

तिने दादासाठी काढून ठेवलेला कप उचलला आणि निमूटपणे फडताळात ठेवून दिला.