राखून ठेवलेल्या खुर्च्या

“अकरा हजार माणसं एका दिवसात जातात कुठं?” कोहारुने फोन टेबलावर उपडा टाकला. “सकाळी माझ्या गाण्यांचं फोनवरचं पान उघडायला गेले तर बंद. का बंद, हे विचारायचं कुणाला? तिकडे उत्तर द्यायला माणूसच नाही.”

“माणसं कुठं जातील? आपापल्या घरी असतील,” तोकिएसान शांतपणे म्हणाली. “आपण घरी पत्र घालू.”

सेंदाई शहराच्या बाजारातला, तळघरातला साठ खुर्च्यांचा हॉल तोकिएसानचा. सात वर्षं कोहारु तिथे गात होती. कोहारु हे गाण्यापुरतं नाव. खरं नाव हिने सांगितलं नाही, तोकिएसानने विचारलं नाही. कोहारुने घर सोडलं तेव्हा आई दारात म्हणाली होती, “तुझं ऐकायला येणार कोण?” “हॉल भरला की कळवीन,” असं फाडकन बोलून ती निघाली, ती निघालीच. हॉल एकदाही भरला नव्हता. या महिनाअखेरच्या रविवारी भरला नाही, तर गिटार विकून माशांच्या कारखान्यात कामाला लागायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं.

तोकिएसानने माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली. दर कार्यक्रमाला खुर्चीवर चिठ्ठी आणि पेन्सिल ठेवायची तिची जुनी रीत. कुठलं गाणं आवडलं, नाव, पत्ता. सात वर्षांच्या चिठ्ठ्या तारीखवार बांधलेल्या होत्या.

“पहिल्या दिवसाच्या आठ,” ती पुटपुटली. “पण त्या दिवशी सातच माणसं होती गं. मला चांगलं आठवतंय.”

“आठवी भुताने भरली असेल,” कोहारु हसली आणि शाईची बाटली ओढून तिने अलीकडचे गठ्ठे पुढ्यात घेतले. जुने तोकिएसानकडे गेले.

तीन दिवस दोघी लिहीत बसल्या. एकशे त्रेचाळीस जोडकार्डं. अर्धं आपलं, अर्धं उत्तराचं. मजकूर तोकिएसानचा: ‘तुम्ही आमच्याकडे येऊन ऐकून गेलात. रविवारी दुपारी तीन वाजता तुमच्या नावाची खुर्ची राखून ठेवली आहे.’

“प्रत्येकाचं नाव खुर्चीवर?” कोहारुने डोळे मोठे केले.

“मग? कुणीतरी आपली वाट बघतंय म्हटल्यावर माणूस येतं.”

पाचव्या दिवशी उत्तरं सुरू झाली. आधी दोन. मग सहा. मग एका सकाळी सतरा! पोस्टमन जिना उतरायच्या आतच कोहारु वर धावायची. उत्तरं आधी तोकिएसानच्या देवघरापुढे जायची, उदबत्ती आणि चहाच्या वाटीशेजारी. मग मोजणी.

“बघ, बघ,” तोकिएसानने चष्मा सारखा केला. “उत्तराच्या अर्ध्यावर आपण आपल्या नावापुढे लिहिलेला साधा शब्द पट्टी धरून दोन रेघांनी खोडलाय आणि शेजारी मानाचा शब्द लिहिलाय. सगळ्यांनी! हल्लीच्या पोरांना ठाऊक तरी असतं का हे? वळणाचे आहेत हो तुझे ऐकणारे.”

“माझे ऐकणारे आहेत ते!” कोहारु मान ताठ करून म्हणाली.

काहींनी खाली प्रश्नही विचारले होते. जिन्याला कठडा आहे का? पाचची बस मिळेल ना? हॉलमध्ये गारठा असतो का?

“पोरं आहेत की म्हातारे?” कोहारु खदखदून हसली. “माझ्याबरोबर तीही सात वर्षांनी मोठी झाली म्हणायची!”

शुक्रवारी एकोणसाठ झाली. शनिवारी पोस्टमन आला आणि कोहारुच्या हातात काही न देताच थेट तोकिएसानकडे गेला.

“साठावं!” तोकिएसान ओरडली. सत्तरीची ती बाई चक्क उडी मारायला निघाली होती. “आणि ऐक, काय विचारलंय! ‘मुळ्याचं लोणचं आणलं तर चालेल का?’”

“चालेल! पळेल!” कोहारुने तिला मिठी मारून गरकन फिरवलं. “तोकिएसान, भरला हो हॉल! उद्या कार्यक्रम झाला की पहिला फोन घरी.”

“आधी मला सोड. साठ नावं लिहायचीत अजून.”

रविवारी अडीचला कोहारु पडद्यामागे गिटार लावत बसली. जिन्यावर पावलं वाजत होती. हळू पावलं, एकेक पायरी घेणारी. पण थांबत नव्हती. तिने बोटांवर मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

तीन वाजता तिने पडदा सारला.

हॉल भरला होता. पिकलेली डोकी, काठ्या, कडक इस्त्रीचे कोट, हातात गाठोडी. आणि सगळे उभे. साठही खुर्च्या रिकाम्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून एकेक जण दाराकडे बघत उभा होता.

“बसा ना,” तोकिएसान गोंधळून म्हणाली. “कार्ड तुम्हालाच आलं होतं ना?”

“कार्ड आमच्या घरी आलं,” पुढचे आजोबा वाकून म्हणाले. “नाव योसुकेचं. चार वर्षं झाली, टोकियोला की कुठं गेला, कळवत नाही. तुम्ही लिहिलंत, खुर्ची राखून ठेवलीय. म्हणजे तो आज इथं येणार, होय ना?”

मागून कुणीतरी हळूच विचारलं, “आमची नाओमीही येईल ना हो?”

कोहारुची नजर एकेका खुर्चीवरून सरकत गेली. योसुके. नाओमी. तेत्सुरो. पहिल्या रांगेच्या टोकाला एक ठेंगणी बाई उभी होती, काखेत कापडात बांधलेला लोणच्याचा डबा, नजर दाराकडे. तिच्या हाताखालच्या चिठ्ठीवर तोकिएसानच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: इकुए. सात वर्षांपूर्वी, पेटी रिकामी दिसू नये म्हणून भरलेल्या आठव्या चिठ्ठीवर कोहारुने घरच्या पत्त्यासकट लिहिलेलं स्वतःचं खरं नाव.

तिने गिटार खाली ठेवली, मंचाच्या पायऱ्या उतरली, आणि साठांतल्या त्या एका खुर्चीत जाऊन बसली.