चष्म्याच्या घरातली गोळी

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बाबांनी चष्मा काढून माझ्याकडे दिला. तो ठेवायला मी चष्म्याचं घर उघडलं, तर आत सकाळची गोळी! "बाबा, ही घेतली नाहीत?" "काल सिस्टरनी बजावलं होतं, पोटात पाण्याचा थेंबही जाता कामा नये. आणि सकाळी दुसरी सिस्टर गोळी घेऊन हजर. मी बरा फसेन!" भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंच्या कागदावर मात्र गोळीपुढे बरोबरची खूण होती. मी गोळी त्यांच्यापुढे धरली. "आजोबा, भूल दिल्यावर पोटातलं ॲसिड उलटून फुफ्फुसात गेलं, तर जिवावर बेततं. ते कमी करायलाच ही गोळी. आता इंजेक्शन देऊन पाऊण तास थांबू." बाबांचा चेहरा उतरला. "त्या सिस्टरला रागावू नका. गिळल्याचं नाटक मीच केलं," ते म्हणाले. बाबा अख्ख्या आयुष्यात एवढं एकच खोटं वागले, तेही नियम पाळायला.