संघाचा पाळणा

युद्धावरून परतलेल्या विवाहित फुटबॉलपटूंना ओहायोतल्या कॉलेजनं स्टेडियममागे राहायला ट्रेलर, म्हणजे चाकांवरची घरं, दिली होती. खेळाल तोवर घर तुमचं. आता खेळाडू आर्लो राहत होता त्याच ट्रेलरमधून मागच्याच हंगामात बेचाळीस नंबरच्या जर्सीचा ऑर्विल कुबड्यांवर बाहेर पडला होता, बायकोपोरासकट. आता आर्लोचाही गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता. शनिवारी खेळणार नाही, असं कोचना ठणकावून सांगायचं त्यानं ठरवलं होतं. तेवढ्यात कोचच दारात आले. खांद्यावर लालभडक पाळणा, त्यावर आर्लोचा नंबर, सतरा. “पोरी, हा तुझ्या बाळाला, सगळ्या संघाकडून!” आर्लोची गरोदर बायको हरखून रडायलाच लागली. “आणि गुडघा काय म्हणतोय, वाघा?” आर्लोनं तिच्याकडे पाहिलं. “ठणठणीत.” “शाब्बास!” कोच हसत निघाले. तिनं पाळण्यावरून मायेनं हात फिरवला. “अय्या, रंग अजून ओलाच आहे की!” तिचा तळहात लाल झाला होता, आणि सतराच्या खालून बेचाळीस डोकावत होता.