सायलेन्सरची खरखर

“त्या सायलेन्सरला हात लावायचा नाही, विघ्न्या.”

गाडीखाली पडल्या पडल्या विघ्नेशचं डोकं तापलं. “अगं आई, रबर तुटलंय त्याचं. रस्त्याला घासतोय. एक दिवस पप्पा सायलेन्सर काखेत घेऊन घरी येतील.”

“घासू दे. कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरला खर्रकन वाजला की मी तवा ठेवते. ते हातपाय धुऊन येईपर्यंत पहिली भाकरी फुगते.”

 तरी नवीन रबर लावून विघ्नेशनं सायलेन्सर वर घेतलाच. बाहेर येऊन ओट्यावर बसलेल्या पप्पांना म्हणाला, “आजपासून कोपऱ्यावर हॉर्न मारायचा.”

पप्पा ओशाळले. “तो दिवाळीपासून बंद आहे रे.”

आई पदरात तोंड घालून हसायला लागली. विघ्नेशनं काळे हात पँटला पुसले.

“मला निघायला पाहिजे आता. हॉर्नचं दुकान बंद होईल.”