हातभर लांब तिकीट

रुम्याना कॉफीचा पेला घेऊन जागेवर येईपर्यंत तिने कोडमध्ये केलेल्या बदलाला दोन्ही मंजुऱ्या मिळाल्या होत्या आणि तो बसगाड्यांत पोचलाही होता.

पहिली मंजुरी इव्हायलोची. तिचं तिला काही वाटलं नाही. इव्हायलो इतका चपळ, की समोरच्याचा कोड लिहून व्हायच्या आत मंजूर करून मोकळा होतो. एकदा रजेवर असताना समुद्रात पोहता पोहता त्याने तीन बदल मंजूर केले, त्यातला तिसरा पाण्याखालून. दुसरी मंजुरी मात्र टीममधल्या जुन्याजाणत्या स्पासकाकांची होती. खाली त्यांनी लिहिलं होतं, "वाचलं. नीटनेटकं काम."

तीनशे बारा ओळींचा बदल. कंडक्टरच्या हातातल्या यंत्रातून तिकीट निघतं, त्याच्या तळाशी 'प्रवास सुखाचा होवो' छापलं जातं. त्या जागी रुम्यानाने सकाळी आपला राजीनामा लिहून ठेवला होता. आपोआप होणाऱ्या चाचण्यांनी तळाशी मजकूर आहे की नाही, एवढंच पाहिलं. होता. भरपूर होता. सगळे दिवे हिरवे लागले.

बाकीचं प्लोवदिव शहर सावलीत बसून एक कॉफी दोन तास पितं. ही टीम तेवढ्यात चौदा बदल बाहेर काढते. दोन मंजुऱ्या मिळाल्या की बदल आपला आपण निघतो, कुणाला विचारत नाही. आपला बदल वाटेत अडवायची काहीच तजवीज रुम्यानाने केली नव्हती. स्पासकाका होते ना.

"काका," ती पलीकडच्या टेबलाकडे वळली, "माझा बदल वाचलात?"

"ओळ न ओळ, रुमे." त्यांनी मान वर केली नाही. "का गं?"

"मधला भाग ठीक वाटला?"

"मधलाच तर फक्कड जमलाय. हात बसलाय तुझा. जरा या इव्हायलोला शिकव. त्याचं लिखाण वाचावं की फडक्याने पुसावं, तेच कळत नाही."

"काका," इव्हायलो म्हणाला, "मी निदान वाचलं असं म्हणत तरी नाही."

काका यावरही दिलखुलास हसले आणि पुढचा बदल मंजूर करून टाकला.

तिकिटावर मदतीचा नंबर असतो. त्या आठवड्यात तो फोन रुम्यानाच्या टेबलावर होता. पावणेबाराला तो वाजला.

"कोण, रुम्याना का?" म्हातारीचा आवाज, मागे बसची घरघर. "मी स्मोल्यानच्या गाडीत आहे. अगं, तिकीट हातभर लांब आलं. आधी वाटलं, भाडं वाढलं. मग चष्मा लावला."

"चूक झाली, आजी. तिकीट चालेल तुमचं."

"तिकिटाचं कोण विचारतंय? तू लिहिलंयस, सहा वर्षं स्पासकाका माझी ओळ न ओळ वाचतात, त्या भरवशावर मी इथे टिकले. आज हे वाचून त्यांनी मला हाक मारली तर फाडून टाकीन आणि राहीन. नाहीतर एक वाजता सोफियाच्या कंपनीला होकार कळवीन. बरोबर?"

"बरोबर."

"मग? मारली का हाक?"

रुम्यानाने पलीकडच्या टेबलाकडे पाहिलं.

"गाडीत बावन्न माणसं आहेत, पोरी. सगळ्यांच्या हातात तेच. ड्रायव्हरने तर बाचकोवोच्या वळणावर गाडी कडेला घेऊन वाचलं. आता म्हणतो, हिचं काय झालं ते कळल्याशिवाय मी घाट चढत नाही. सांग ना, मारली?"

"त्यांनी वाचलंच नाही, आजी. वाचलं म्हणाले."

फोनमध्ये म्हातारी कुणाला तरी हळूच म्हणाली, "वाचलं म्हणाला." ते शब्द एकेका बाकावरून मागे मागे सरकत गेलेले रुम्यानाला ऐकू आले.

"कुठे बसतो तो?"

"समोरच."

"ठेव फोन त्याच्यापुढे. आवाज मोठा कर."

रुम्यानाने फोन स्पासकाकांच्या टेबलावर ठेवला आणि खुर्चीवरचा कोट उचलला.

बावन्न जणांनी एकदम वाचायला सुरुवात केली. सूर जुळायला एक ओळ गेली, मग देवळात जुळतो तसा जुळला. शेवटच्या बाकावरचा एक घोगरा आवाज तेवढा एकेक शब्द मागून येत होता. स्वतःचं नाव ऐकलं तेव्हा काकांचा हात थांबला. त्यांनी तिचा बदल उघडला आणि खाली सरकवत नेला. शंभरावी ओळ, दोनशेवी ओळ. मग ते थांबले, आणि बसच्या बरोबरीने त्यांचे ओठ हलू लागले. इव्हायलोने कानातले इयरफोन काढले.

वाचून झालं.

"रुमे," काकांनी हाक मारली.

ती दाराशी होती. एक हात कोटाच्या बाहीत गेलेला, दुसरा बाहेरच.

"ही हाक धरायची नाही हं," म्हातारी फोनमधून म्हणाली. "ही आम्ही वाचून दाखवल्यावरची आहे."